मोजलेले आणि मानलेले

शिक्षक दिवसभर वर्गात जे बोलतो त्यापैकी किती विद्यार्थ्यांच्या कानी पडते आणि किती त्यांच्या मनात रुजते, याचा नेमका हिशेब कोणालाच देता येणार नाही; परंतु त्याच शिक्षकाने कोणत्या प्रश्नाला किती गुण ठेवले आहेत, कोणत्या चुकीपायी किती गुण जातात आणि कोणत्या गोष्टीला मुळीच गुण नाहीत, हे मात्र शेवटच्या बाकावरच्या मुलालाही तोंडपाठ असते. विज्ञानाच्या तासाला जिज्ञासेची, निरीक्षणाची आणि सत्यनिष्ठेची कितीही थोरवी गायिली, तरी सत्राच्या अखेरीस पुस्तकातले वाक्य जसेच्या तसे उतरविणाऱ्याच्याच पदरात पैकीच्या पैकी गुण पडत असतील, तर मुलांनी विश्वास आमच्या व्याख्यानावर ठेवावा की आमच्या गुणपत्रकावर? मुले व्यवहारज्ञ असतात. ती गुणपत्रकावर विश्वास ठेवतात, आणि त्यात त्यांचे काही चुकते असे मला कधीच वाटले नाही. माध्यमिक शाळेत विज्ञान शिकविण्यात आयुष्याचा मोठा भाग घालविल्यानंतर माझी अशी दृढ धारणा झाली आहे की, गुणदानाची योजना आणि वर्गाचे नियम यांतूनच मुलांना शिक्षकाच्या खऱ्या निष्ठेची ओळख पटते, आणि म्हणून त्यांचा विचार पाठाच्या टाचणाइतक्याच, किंबहुना त्याहूनही अधिक काळजीने केला पाहिजे.

माझी शाळा सातारा जिल्ह्यात, कृष्णेच्या खोऱ्यातल्या एका तालुक्याच्या गावी, समुद्रसपाटीपासून सुमारे 700 मीटर उंचीवर होती. ही उंची मी मुद्दाम नमूद करीत आहे, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे. आठवी ते दहावीचे वर्ग माझ्याकडे असत. प्रयोगशाळा म्हणावी अशी एक लांबट खोली, भिंतीलगत दोन कपाटे, वर्षानुवर्षे जपलेली चंचुपात्रे, तिवया, स्पिरिटचे दिवे, काही तापमापी, काचेच्या चिपा आणि बहिर्वक्र भिंगे, आणि या साऱ्याची अपत्यवत् निगा राखणारे एक प्रयोगशाळा परिचर, एवढा आमचा सरंजाम होता. मुले शेतकऱ्यांची, किरकोळ व्यापाऱ्यांची, औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांची, आणि हिवाळ्यात उसाच्या तोडणीसाठी आलेल्या मजुरांची असत.

या वर्गांवर मूल्यमापनाचे दोन निरनिराळे कायदे चालत. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा 2009 चा अधिनियम अमलात आल्यावर राज्य शासनाने 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयान्वये पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू केले. त्यात दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशा साधनांनी वर्षभर आकारिक मूल्यमापन करावयाचे, सत्राच्या अखेरीस संकलित मूल्यमापन करावयाचे, आणि दोहोंच्या बेरजेवरून अ-1 पासून इ-2 पर्यंत श्रेणी द्यावयाची, अशी तजवीज होती. दहावीला मात्र राज्य मंडळाच्या परीक्षेचा जुना शिरस्ता कायम होता. विज्ञान आणि तंत्रज्ञान या विषयाच्या दोन भागांच्या 40-40 गुणांच्या लेखी परीक्षा, आणि प्रात्यक्षिकाचे 20 गुण शाळेच्या हाती. त्यामुळे एकाच शिक्षिकेने एका तासाला आठवीत श्रेणी द्यावयाच्या आणि पुढल्या तासाला दहावीत अर्ध्या-अर्ध्या गुणाचा हिशेब करावयाचा, असा प्रसंग रोजचा होता. गुण की श्रेणी हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. मुदलियार आयोगाने 1952-53 मध्येच आकड्यांऐवजी चिन्हांकित श्रेणी द्याव्यात अशी शिफारस केली होती. पण दोन्ही पद्धती एकाच वेळी हाताळल्यावर मला असे आढळून आले की, खरा प्रश्न आकडा की अक्षर हा नाही. तो आकडा अथवा ते अक्षर मुलाने नेमके काय केले म्हणून त्याला मिळते, हा आहे.

याचा प्रत्यय प्रयोगवहीइतका स्पष्ट कोठेच येत नाही. आमच्या शाळांतून कच्ची वही आणि पक्की वही असा एक भेद रूढ आहे. प्रयोग करताना आकडे कच्च्या वहीत किंवा एखाद्या चिठोऱ्यावर टिपावयाचे, आणि मग घरी बसून सुवाच्य अक्षरात, पट्टीने रेघा मारून, पक्की वही सजवावयाची. आकडे पक्क्या वहीत जाताना वाटेत सुधारतात. जो आकडा पुस्तकाशी जुळत नाही तो हलकेच जुळता होतो, जे निरीक्षण राहून गेले ते शेजाऱ्याच्या वहीतून भरून निघते, आणि थोरल्या बहिणीची गतवर्षीची वही घरात असेल तर प्रयोगाची गरजच उरत नाही. या व्यवहारात मुलांना आपण काही गैर करीत आहोत असे किंचितही वाटत नाही, कारण स्वच्छ वहीला आणि जुळणाऱ्या उत्तराला गुण, हाच करार पूर्वापार चालत आलेला असतो. सर्वांत नेटकी मुलेच त्यात पुढे असतात, आणि त्यामुळे ज्या विषयाचा प्राण निरीक्षणात आहे त्याच विषयाच्या तासाला आपण शाळेतल्या उत्तम मुलांना निरीक्षण बदलण्याचा सराव देत असतो, ही गोष्ट मला अतिशय खिन्न करीत असे.

पाण्याचा उत्कलनबिंदू काढण्याचा साधा प्रयोग घ्या. मुले पाणी तापवितात, ठराविक वेळाने तापमान टिपतात, आणि आलेख काढतात. पुस्तकात 100 अंश सेल्सिअस लिहिलेले सर्वांना ठाऊक असते. आमच्या गावी मात्र पाणी 97 आणि 98 अंशांच्या दरम्यान उकळते. उंचीमुळे हवेचा दाब कमी, आणि दाब कमी म्हणून उत्कलनबिंदूही कमी. असे असूनही वह्यांतून ओळीने 100 हा आकडा येई. एके वर्षी नववीतल्या एका अबोल मुलीने आपल्या वहीत साडेसत्त्याण्णव लिहिले, आणि त्यापुढे कंसात, 'पुन्हा तीन वेळा पाहिले, तेवढेच आले,' अशी नोंद केली. तिच्या गटातल्या मुलांनी तिला आकडा बदलण्याचा आग्रह केला होता आणि तिने तो मानला नव्हता. मी ती वही वर्गासमोर वाचली आणि आपण आता या मुलीचा आकडा तपासू या, असे सांगितले. तापमापीच सदोष असेल अशी पहिली शंका निघाली, आणि ती योग्य होती. स्टँडजवळच्या रसवंतीगृहातून बर्फ आणविला, तो ठेचून वितळू दिला, आणि त्यात तीच तापमापी बुडविली. पारा शून्यावर स्थिरावला. मग दुसऱ्या तापमापीने पाहिले, तिसरीने पाहिले. पाणी तेच सांगत होते. त्यानंतर हवेच्या दाबाचा विषय काढणे अगदी सोपे झाले, कारण आता तो वर्गाच्याच प्रश्नाचे उत्तर म्हणून येत होता. महाबळेश्वर येथून जवळच, सुमारे 1350 मीटर उंचीवर. तेथे पाणी साधारण साडेपंच्याण्णव अंशांना उकळते, म्हणून उघड्या पातेल्यात डाळ शिजावयास अधिक वेळ लागतो, आणि प्रेशर कुकरमध्ये दाब वाढवून आपण तेच पाणी सुमारे 120 अंशांपर्यंत नेतो, हे सारे त्या एका साडेसत्त्याण्णवातून निघाले.

या अनुभवाच्या आधाराने मी प्रयोगवहीचा नियम नव्याने बांधला, आणि तो दरवर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात लेखी स्वरूपात वर्गाच्या फळ्यालगत लावू लागले. वही एकच, कच्ची-पक्की असा भेद नाही. निरीक्षण शाईने, त्याच क्षणी, त्याच वहीत. खोडरबर अथवा पांढरी शाई यांना मज्जाव. चुकलेला आकडा एका आडव्या रेघेने असा छेदावयाचा की तो मागाहून वाचता आला पाहिजे, आणि शेजारी छेदण्याचे कारण लिहावयाचे. दर प्रयोगाला 10 गुण: प्रयोगापूर्वी लिहिलेल्या सकारण अंदाजाला 2, अंदाज चुकला तरी ते 2 कायम, निरीक्षणांना आणि त्यांच्या पुनरावृत्तीला 3, तक्ता, आकृती आणि एकके यांना 2, आणि निष्कर्षाला, विशेषतः अपेक्षित व प्रत्यक्ष उत्तरांतील तफावतीच्या विवेचनाला, 3. पुस्तकातील उत्तराशी मेळ बसणे याला गुण नाहीत, ही ओळ मी लाल शाईने लिहीत असे.

मुलांना या नियमाचे मर्म समजावे म्हणून मी त्यांना लॉर्ड रॅले यांची हकीकत सांगत असे. हवेतून ऑक्सिजन काढून टाकून मिळविलेल्या नायट्रोजनच्या एका लिटरचे वस्तुमान त्यांना सुमारे 1.257 ग्रॅम भरे, आणि अमोनियासारख्या संयुगापासून मिळविलेल्या नायट्रोजनचे सुमारे 1.250 ग्रॅम. फरक जेमतेम अर्ध्या टक्क्याचा. आमच्या पक्क्या वहीत तो एका रात्रीत नाहीसा झाला असता. रॅले यांनी तो नाहीसा होऊ दिला नाही. 1892 साली त्यांनी 'नेचर' या नियतकालिकात पत्र लिहून, आपणांस या फरकाचे कारण उमगत नाही, कोणास सुचल्यास कळवावे, असे जाहीरपणे विचारले. विल्यम रॅमसे त्या शोधात सामील झाले आणि 1894 साली हवेत दडलेला एक अज्ञात वायू, अरगॉन, जगासमोर आला. पुढे 1904 साली रॅले यांना भौतिकशास्त्राचे आणि रॅमसे यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रत्येक श्वासागणिक मनुष्यजात जो वायू छातीत घेत होती, हवेत ज्याचे प्रमाण जवळजवळ एक टक्का आहे, तो सापडला तो तिसऱ्या दशांश स्थळावरची तफावत एका माणसाने प्रामाणिकपणे लिहून ठेवली म्हणून. ही हकीकत ऐकल्यावर मुले आपल्या वहीतल्या तफावतीकडे निराळ्या दृष्टीने पाहू लागत.

आता या योजनेवर एक आक्षेप येई, आणि तो विचारार्ह होता. निरीक्षण जसे आले तसे लिहिले की गुण, असे ठरले तर निष्काळजीपणालाही गुण मिळणार नाहीत काय? काचेच्या चिपेतून प्रकाशाचे अपवर्तन पाहताना ज्याने टाचण्या वाकड्या टोचल्या, त्याचा निर्गत किरण आपाती किरणाला समांतर येणार नाही, आणि तो म्हणेल, मी आले तसे लिहिले. यावर उपाय विज्ञानाच्या पद्धतीतच सापडला. प्रामाणिकपणा म्हणजे एकदा पाहून थांबणे नव्हे. निरीक्षण पुन्हा केले काय, दुसऱ्या विद्यार्थ्याने केले काय, आपाती कोन बदलून पाहिले काय, आणि तफावतीचे जे कारण सुचले ते तपासून पाहिले काय, या प्रश्नांची उत्तरे वहीतच दिसली पाहिजेत, आणि निरीक्षणाचे 3 गुण त्यांवरच अवलंबून असत. ज्या मुलीने तीन वेळा पाहिले असे लिहिले होते तिने हा निकष मला दिला, असे म्हटले तरी चालेल. निष्काळजी मुलाला या योजनेत गुण कमीच मिळत; मात्र ते उत्तर न जुळल्यामुळे नव्हे, तर शोध अर्धवट सोडल्यामुळे कमी होत, आणि हा भेद मुलांना फार लवकर कळे.

पालकांचा प्रश्न याहून व्यावहारिक असे. सहामाहीच्या पालक सभेत एक गृहस्थ उठून म्हणाले, 'बाई, तुमचं म्हणणं पटतं, पण बोर्डाच्या पेपरात पोरानं शंभर लिहायचं का साडेसत्त्याण्णव?' त्यांच्या मुलाचे सारे भवितव्य त्या पेपरावर अवलंबून होते. मी त्यांना सांगितले की, पेपरात प्रमाण वातावरणीय दाबाला 100 अंश असे लिहावयाचे, आणि वहीत आपल्या गावी साडेसत्त्याण्णव असे लिहावयाचे; दोन्ही उत्तरे खरी आहेत, आणि ती दोन्ही का खरी आहेत हे ज्याला सांगता येईल तो पेपरात अधिकच सुरक्षित राहील, कारण दाबाची अट त्याच्या उत्तरात आपोआप येईल. जे मानले आहे त्यामागची अट जाणणे आणि जे मोजले आहे त्यावर ठाम राहणे, यांत विरोध नाही. एककांच्या बाबतीतही मी असेच आग्रही असे. उदाहरणात सूत्र, किमती, आकडेमोड आणि एकक अशा पायऱ्यांना गुण विभागलेले असतात, आणि एकक विसरले म्हणून गेलेला अर्धा गुण मुलांना अन्यायाचा वाटतो. त्यांना मी मंगळाकडे धाडलेल्या अमेरिकन यानाचा दाखला देत असे: 1999 साली ते नष्ट झाले, कारण एका बाजूच्या संगणकप्रणालीने बलाचे आवेग पौंडांच्या हिशेबात दिले आणि दुसऱ्या बाजूने ते न्यूटनांच्या हिशेबात आहेत असे गृहीत धरले. त्यानंतर अर्ध्या गुणाची तक्रार सहसा येत नसे.

गुणांच्या योजनेचा दुसरा मोठा प्रश्न विलंबाचा होता. वही उशिरा दिली की दिवसामागे एक गुण कमी, असा नियम पुष्कळ ठिकाणी असतो आणि त्याची सोय मला समजते. पण त्याने त्या आकड्याचा अर्थच गढूळ होतो. 10 पैकी 6 गुण पाहून हा मुलगा अपवर्तन कमी समजला की चार दिवस उशिरा आला, हे कोणास सांगता येईल? म्हणून मी माझ्या नोंदवहीत दोन रकाने वेगळे ठेवले: एक विज्ञानाचा, एक शिस्तीचा. उशीर, गैरहजेरी, विसरलेली वही, वर्गातली दंगल, हे सर्व दुसऱ्या रकान्यात लिहिले जाई, त्यावर पालकांशी बोलणे होई, मधल्या सुट्टीत बसून काम पुरे करावे लागे. परंतु पहिल्या रकान्यातला आकडा त्याने हलत नसे. घटक संपेपर्यंत वही स्वीकारण्याची मुदत सर्वांना सारखी होती, आणि घटक चाचणीत कमी पडलेल्याला चुकांचे स्पष्टीकरण लिहून आणल्यावर फेरचाचणीची मुभा होती.

हा नियम किती आवश्यक होता हे ऊसतोडणीच्या मुलांमुळे मला विशेषत्वाने जाणवले. दिवाळीच्या सुमारास बीड-नगरकडून टोळ्या येत, शिवाराच्या कडेला कोप्या उभ्या राहत, आणि त्यांतली काही मुले गाळप चालू असेतो, मार्च-एप्रिलपर्यंत, आमच्या वर्गात बसत. पहाटे आईवडिलांबरोबर फडात मोळ्या बांधून साडेदहाला शाळेत येणाऱ्या मुलाला दिवसामागे एक गुण कापण्याचा हिशेब लावणे म्हणजे त्याच्या गरिबीला गुण देणे होय. अशा एका मुलाची वही मला अजून आठवते. त्याचे अक्षर वाईट होते, आकृत्या वेड्यावाकड्या होत्या; पण घनतेच्या प्रयोगात त्याने प्रत्येक वस्तुमान दोनदा घेतले होते, आणि तराजूचा काटा आधी शून्यावर आहे की नाही याची खातरजमा केल्याची नोंद प्रत्येक वेळी होती. असे का, म्हणून विचारले तेव्हा तो म्हणाला, 'काटा खोटा असला तर मजुरी बुडते, बाई.' टनावर मजुरी मिळणाऱ्या घरात वाढलेल्या त्या मुलाला शून्यदोष म्हणजे काय हे शिकवावे लागले नव्हते. त्याला त्या प्रयोगात पूर्ण गुण मिळाले, आणि ज्या योजनेत ते मिळाले नसते ती योजना विज्ञानाची नव्हती, असे मला आजही वाटते.

वर्गाच्या नियमांविषयी माझा एकच संकेत होता: ज्या नियमाचे कारण मला सांगता येत नाही तो नियम लावावयाचा नाही. केस बांधलेले आणि ओढणी खोचलेली असावी, कारण दिव्याची ज्योत उजेडात दिसत नाही. सल्फ्युरिक आम्ल पाण्यात सावकाश मिसळावयाचे, पाणी आम्लात ओतावयाचे नाही, कारण त्या मिश्रणातून एवढी उष्णता निघते की वरचे पाणी उकळून आम्लासह अंगावर उडते. कोणत्याही रसायनाचा वास बाटलीला नाक लावून न घेता हाताने वारा ओढून घ्यावयाचा. ही कारणे मुलांनीच एकमेकांना विचारावयाची आणि ज्याला कारण सांगता येत नाही त्याने त्या दिवशी उपकरणाला हात लावावयाचा नाही, असा दंडक होता. यापलीकडे शिक्षा नसे. 2009 च्या अधिनियमातील कलम 17 शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंस मनाई करते. 'थांब, तुझे गुण कापते' ही धमकी मला त्यातल्या दुसऱ्या प्रकाराच्या अगदी शेजारची वाटे, म्हणून गुणांचा उपयोग छडी म्हणून करावयाचा नाही, हा नियम मी मुलांआधी स्वतःवर घातला होता.

गटकामाचा नियमही असाच निकडीतून आला. उपकरणे थोडी, मुले पुष्कळ, त्यामुळे एका मेजाभोवती पाच-सहा जण जमत. एखादा धीट मुलगा प्रयोग करी, दोघे पाहत, आणि मुलींकडे ठरल्याप्रमाणे दोन कामे येत: आकडे लिहिणे आणि चंचुपात्रे धुणे. कोणी तसे फर्मावलेले नसे, पण घरातली वाटणी जशी होती तशीच ती प्रयोगशाळेत आपोआप उतरे. मी गटाचा सामाईक गुण बंद केला आणि पाळीपत्रक लावले: हाताळणारा, वाचणारा, नोंदणारा, तपासणारा आणि आवराआवर करणारा, ही कामे दर प्रयोगाला फिरत, आणि प्रयोगानंतर मी गटातल्या कोणालाही कोणत्याही पायरीविषयी विचारू शकत असे. दिवा पेटविण्यास कचरणाऱ्या मुली एका सत्रात सहजपणे दिवा पेटवू लागल्या, आणि मुलांना काच न फोडता चंचुपात्र धुण्याचे कौशल्य आले. उपदेशाने हे घडले नसते, पाळीपत्रकाने घडले.

चाचणीच्या बाबतीत मला होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाचा मोठा आधार वाटला. मध्य प्रदेशात 1972 साली किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी 16 शाळांतून तो सुरू केला, आणि 2002 साली शासनाने तो बंद करीपर्यंत त्यातील परीक्षा पुस्तक उघडून घेतली जाई व तिला प्रात्यक्षिकाची जोड असे. आमच्याकडील नव्या मूल्यमापनातही पुस्तकासह चाचणीची मुभा होतीच. तिचा आधार घेऊन मी घटक चाचणीत स्वतःची प्रयोगवही उघडण्याची परवानगी दिली. पुस्तक नाही, शेजाऱ्याची वही नाही, केवळ स्वतःची वही. प्रश्न असे असत की वहीतल्या आकड्यांवाचून ते सुटू नयेत: तुझ्या आलेखात तापमान वाढावयाचे कोठे थांबले, आणि त्या वेळी दिलेली उष्णता कोठे गेली? उतरवून काढलेली वही येथे निरुपयोगी ठरे, कारण तिच्या धन्याला तिच्यातल्या आकड्यांचा इतिहास ठाऊक नसे. प्रामाणिक वही अचानक मौल्यवान झाली, आणि नक्कल कोणी न पकडताच कमी झाली.

राहता राहिले दहावीचे 20 गुण, आणि या बाबतीत शिक्षकाच्या मनाची खरी ओढाताण होते. शाळेच्या हातचे गुण सढळपणे देण्याची चाल सार्वत्रिक आहे. आपण काटेकोर राहिलो तर अकरावीच्या प्रवेशाच्या यादीत आपलीच मुले मागे पडणार, मग त्यांनी काय गुन्हा केला, हा सहकाऱ्यांचा प्रश्न निरुत्तर करणारा आहे, आणि त्यामागची कळकळ खोटी नाही. मुलांना कमी गुण देऊन आपली तत्त्वनिष्ठा मिरविणे मला मान्य नव्हते, आणि न केलेल्या कामाचे गुण लिहिणेही मान्य नव्हते. म्हणून मी ते 20 गुण जूनमध्येच लहान लहान भागांत जाहीर करू लागले, प्रत्येक भागासाठी वर्षभर पुन्हा पुन्हा प्रयत्न करण्याची संधी ठेवली, आणि शनिवारी शाळा सुटल्यावर प्रयोगशाळा उघडी ठेवण्याची मंजुरी मुख्याध्यापकांकडून घेतली. भिंगाचे नाभीय अंतर पहिल्यांदा चुकले तर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. अट एवढीच की आधीचा प्रयत्न वहीत वाचता यावा. फेब्रुवारीपर्यंत बहुसंख्य मुलांच्या नावापुढे 17-18-19 गुण लागत, आणि ते त्यांनी खरोखरच कमावलेले असत. गुण वाढवावयाचे तर काम वाढवून वाढवावेत, हा मार्ग कष्टाचा आहे, त्यात शिक्षकाचे शनिवार जातात. पण त्यात कोणाचेच नुकसान नाही.

नव्याने या व्यवसायात रुजू झालेले शिक्षक कधी भेटतात, आणि नियमावलीचा मसुदा दाखवून सल्ला विचारतात. मी त्यांना सांगते की, प्रत्येक नियमाखाली तीन मुले उभी करून पाहा: एक आळशी, एक घाबरलेले आणि एक महत्त्वाकांक्षी. या नियमाखाली यांतल्या प्रत्येकाला सर्वांत सोयीचा मार्ग कोणता वाटेल, हे शांतपणे ठरवा. आळशी मुलाला उतरवून काढणे सोयीचे वाटत असेल, घाबरलेल्याला आकडा बदलणे सोयीचे वाटत असेल, आणि महत्त्वाकांक्षी मुलाला शिक्षकाच्या मनातले उत्तर ओळखणे सोयीचे वाटत असेल, तर त्या नियमाखाली कितीही उत्तम व्याख्याने दिली तरी विज्ञान शिकविले जाणार नाही. खरे लिहिणे हाच तिघांनाही सर्वांत सोयीचा मार्ग होईल अशी योजना आखता येते. ती आखण्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही, नवा अभ्यासक्रम लागत नाही, शासनाचा वेगळा हुकूमही लागत नाही. जूनमध्ये एक कागद विचारपूर्वक लिहावा लागतो, आणि मार्चपर्यंत त्यातल्या प्रत्येक ओळीला मुलांइतकेच स्वतःलाही बांधून घ्यावे लागते.